टायर बदलला, गाडीच बदलली!

‘अगं, माझ्या गाडीचं स्टेअरिंग बिघडलंय!’

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मावसभावाचा म्युनिकहून फोन आला. दादा पक्का जालन्याचा. नवी नोकरी, सेकंड-हॅण्ड हॅचबॅक आणि युरोपातला पहिलाच हिवाळा. कलीग्जच्या सल्ल्याने त्याने गाडीला विंटर टायर बसवून घेतले आणि घरी येईपर्यंत बिचाऱ्याला घाम फुटला. स्टेअरिंग वळवलं की गाडी जणू क्षणभर विचार करायची, मग वळायची. ‘फरशीवरून उठून गादीवर चालल्यासारखं वाटतंय,’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये. मेकॅनिक हसला. गाडी ठणठणीत होती, टायर तेवढे हिवाळी होते!

जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल, तर असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. तिथली मंडळी ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा सोपा हिशेब ठेवतात. यामागचा फंडा रबराचा आहे. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होत जातं आणि पकड कमी होते. विंटर टायरच्या रबरात सिलिका जास्त, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं. त्याची नक्षी खोल असते आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या बर्फात रुततात. पण कोरड्या, उबदार रस्त्यावर हेच मऊ ठोकळे झुकतात. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, आधी रबर वाकतं, मग गाडी वळते. दादाला जाणवलेला उशीर तो हाच. अशा रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं.

तुम्ही म्हणाल, जालन्यात कुठे बर्फ पडतो? खरंय. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तिथे विंटर टायर म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर! पण गोष्टीचा दुसरा भाग जालन्यातलाच आहे.

गेल्या दिवाळीत दादा घरी आला होता. काकांची गाडी घेऊन आम्ही शिर्डीला निघालो आणि जालन्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. आम्ही नव्वदवर होतो, गप्पा रंगल्या होत्या आणि अचानक दादा गप्प झाला.

‘गाडी उशिरा वळतेय. आणि डावीकडे ओढतेय,’ तो म्हणाला. मला काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं! त्याने जोरात ब्रेक मारला नाही. हळूहळू वेग कमी केला आणि पुढच्या इंटरचेंजला गाडी बाहेर काढली. पंक्चरच्या दुकानात गेज लावला, तर पुढच्या डाव्या टायरमध्ये हवा होती १९ पीएसआय. हवी होती ३३. टायरमध्ये बारीकसा खिळा निघाला. काका महिनाभर गावातल्या गावात चाळिशीच्या स्पीडने फिरत होते, त्यांना पत्ताच नाही.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत चाकाच्या प्रत्येक फेरीला दबते, वाकते आणि तापते. त्यात गाडी भरलेली, रस्ता तापलेला आणि वेग शंभरच्या वर असेल, तर टायर फुटायला वेळ लागत नाही. चौघं गाडीत होतो आम्ही. आजही तो आकडा आठवला की पोटात गोळा येतो.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार जागी, प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी. आपल्याला स्टेअरिंगमधून जे जाणवतं, ते बरंचसं तिथूनच येतं. दादाला हे विंटर टायरने शिकवलं, आपण बर्फ न बघता शिकू या!

निघण्यापूर्वी पाच मिनिटं

* हवा टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. गाडी भरलेली असेल तर त्यासाठीचा वेगळा आकडा बघा.
* टायर तापल्यावर प्रेशर वाढतंच. म्हणून मध्येच हवा सोडू नका.
* कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असणं बेकायदा. पावसात तर असा टायर पाण्यावर तरंगायलाच लागतो.
* टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.
* स्टायलिश दिसतात म्हणून रुंद टायर लावलेत? मग स्टेअरिंग जड वाटू शकतं. हायवेवर जाण्याआधी सवय करून घ्या.
* स्टेअरिंग वेगळं वाटलं, तर ‘रस्ताच खराब असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

काकांच्या डिकीत आता कायम गेज असतो. शेजारच्यांच्या गाड्यांचीही हवा तेच तपासतात!