विश्लेषण : स्निकर्स नंबरात बसतात, तरी पायाला का चावतात?

मालेगाव तालुक्यातील जऊळक्यापासून मुंबईपर्यंत तरुणाईच्या पायांत आता घोट्याखाली संपणारे ‘लो-टॉप’ स्निकर्स दिसतात. जीन्सवर शोभतात, कॉलेजला आणि लग्नालाही चालतात. मात्र गावात बसून मोबाइलवर मागवताना बूट घालून पाहता येत नाही. सगळी भिस्त नंबरावर, आणि गडबड तिथेच होते.

नंबर काय सांगतो?

भारतात प्रचलित असलेला ब्रिटिश नंबर मुख्यतः लांबी सांगतो. एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. पायाच्या रुंदीबद्दल तो काही सांगत नाही.

भारतीय पाय वेगळा आहे का?

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ दरम्यान ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असल्याचे त्यात आढळले. त्यावरूनच ‘भा’ या भारतीय मापन पद्धतीची शिफारस झाली.

एक नंबर मोठा घेतला तर?

बोटांना जागा मिळते, पण टाच निसटते. लो-टॉपमध्ये घोट्याला आधार नसतो. टाच धरून ठेवतात ती बुटाची मागची कड आणि लेस. त्यामुळे सैल बूट टाचेला घासून फोड आणतो. रुंद पायासाठी नंबर वाढवण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट शोधावा.

घरी माप कसे घ्यावे?

दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ आखावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर आणि पंजाची रुंदी मोजावी. मोठा भरेल तो पाय धरून कंपनीच्या सेंटिमीटर तक्त्याशी ताडावे. बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी.

निवडताना आणखी काय पाहावे?

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सिंथेटिकपेक्षा कापडी किंवा जाळीचा बूट हवेशीर. पांढऱ्या रंगावर काळ्या मातीचे डाग लगेच दिसतात. सपाट तळव्याचे फॅशन स्निकर्स फिरायला ठीक. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याच्या सरावाला मात्र धावण्याचेच बूट हवेत.

आल्यावर बूट आधी घरातच, मोजे घालून चालून पाहावेत. तळ मळला की परत करणे अवघड. ‘घालून घालून सैल होईल’ या आशेवर घट्ट बूट ठेवू नये.