प्रोटिएज मोजायचं कसं?

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महालात दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1777–1832) काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह जपलेल्या आहेत. आधी डोळा कसा होता हे कागदावर असलं, तरच गुण आला की नाही ते सांगता येतं. प्रथिनं पचवणारं विकर, म्हणजे प्रोटिएज, मोजतानाही ही 'आधीची' नोंद लागते. प्रयोगशाळेत तिला ब्लँक म्हणतात.

रुळलेली पद्धत दुधातल्या केसीनची. केसीनच्या द्रावणात 37 अंश सेल्सिअसला विकर घालायचं आणि दहा मिनिटांनी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल ओतायचं. विकराचं काम तिथेच थांबतं. न पचलेलं केसीन पांढरा साका होऊन खाली बसतं, पचलेले बारीक तुकडे पाण्यात राहतात. ते गाळून फोलिन अभिकारक घातला की तुकड्यांतल्या टायरोसीनमुळे निळा रंग चढतो. 660 नॅनोमीटरला तो मोजून टायरोसीनच्या प्रमाण-आलेखावरून आकडा काढतात. ब्लँकमध्ये क्रम उलटा: आधी आम्ल, मग विकर. पचन होतच नाही, त्यामुळे जो रंग येतो तो मुळातलाच. तो वजा करायचा.

अडचण येते वनस्पतींच्या अर्कात. त्यातली फिनॉलंही फोलिनला निळं करतात आणि ब्लँकच गडद होतो. अशा वेळी मी ॲझोकेसीन पसंत करेन. त्यात नारिंगी रंग आधीच केसीनला जोडलेला असतो. पचलेल्या तुकड्यांबरोबर तो सुटून येतो, फोलिन लागतच नाही. बापना हे कृत्रिम संयुग याहून नेमकं, पण ते ट्रिप्सिनसारख्या विकरांपुरतंच. बाकीची प्रोटिएज त्याला दिसत नाहीत.

औरंगाबादच्या विद्यापीठात काचोळे आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये एक्स-रे फिल्म कामाला लावली, ती मला फार मोलाची वाटते. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन हे प्रथिनच. हरभऱ्यासारख्या बियांत प्रोटिएजला अडवणारी द्रव्यं असतात. ती जेलवर वेगळी करायची, जेल ट्रिप्सिनमध्ये बुडवायची आणि फिल्मवर ठेवायची. सगळीकडे जिलेटिन पचून धुऊन जातं; रोधक जिथे असेल तिथेच पट्टा शिल्लक राहतो. महागडं यंत्र नको, रंगद्रव्य नको. घाटे अळीच्या आतड्यातल्या प्रोटिएजला कोणतं पीक अडवू शकतं, या शोधात पुढे ही पद्धत उपयोगी पडली. मात्र पट्टा 'आहे की नाही' हे छान सांगतो. 'किती' यासाठी पुन्हा परीक्षानळीकडेच यावं लागतं.

पद्धत कुठलीही घ्या, विकर निम्मं केल्यावर रंगही निम्मा होतो का, हे आधी पाहा. होत नसेल तर वेळ किंवा विकर जास्त झालंय; दोन्ही घटवा. आणि प्रबंधात नुसतं 'इतकी युनिट' लिहू नका. कोणतं प्रथिन, किती तापमान, कोणता सामू, किती मिनिटं, हे शेजारी लिहा. केसीनचं युनिट आणि ॲझोकेसीनचं युनिट एकाच तक्त्यात ताडता येत नाहीत.