‘संसट्ठ’ : एका पालि शब्दाचा मराठी अर्थ

मज्झिम निकायातील महावेदल्ल सुत्तात आयुष्मान महाकोट्ठित आयुष्मान सारिपुत्तांस विचारतात की, वेदना, संज्ञा व विज्ञान हे धर्म संसट्ठ आहेत की विसंसट्ठ? ते संसट्ठ आहेत, त्यांना सुटे करून त्यांच्यातील भेद दाखविता येत नाही, असे उत्तर मिळते.

मुलुंड येथील पालि वर्गात हा भाग शिकविताना आम्ही प्रथम ‘निगडित’ हा प्रतिशब्द योजला. तो चुकला. ‘निगड’ म्हणजे बेडी. बेडीने जखडावयाच्या वस्तू मुळात वेगळ्या असाव्या लागतात. संयुत्त निकायात याच दोन थेरांच्या दुसऱ्या एका संवादात एकाच दाव्याने बांधलेल्या काळ्या व पांढऱ्या बैलाची उपमा आहे. तेथे बंधन दाव्याचे, बैलांचे नव्हे. तसा डोळा व रूप यांच्या बाबतीत छंदराग. त्या ‘संयोजना’स ‘निगडित’ शोभेल, कारण दावे कापता येते. संसट्ठ धर्मांत कापण्याजोगे दावेच नाही.

एका उपासिकेने ‘एकजीव’ हा शब्द सुचविला. शब्द स्वयंपाकघरातला, आणि मिलिंदपञ्हात नागसेन स्थविरही याच विषयावर आचाऱ्याचेच उदाहरण देतात. दही, मीठ, आले, जिरे, मिरी घालून केलेल्या कालवणातून एकेक रस वेगळा काढता येत नाही. तरी आंबट आंबट म्हणूनच व खारट खारट म्हणूनच जाणवते. इतका जवळचा शब्द असूनही आम्ही तो घेतला नाही. अनात्मवादी ग्रंथाच्या भाषांतरात ‘जीव’ आणावयाचा कसा? आमटीत कोणी आत्मा शोधीत नाही, असे त्या उपासिकेचे म्हणणे पडले, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. परंतु खरी अडचण ‘एक’ या पदाची आहे. त्याच सुत्तात प्रज्ञा व विज्ञान यांनाही संसट्ठ म्हटले आहे. मात्र प्रज्ञेची भावना करावयाची व विज्ञान पूर्णतः जाणून घ्यावयाचे, असा भेद लगेच सांगितला आहे. दोन्ही एकच मानली, तर साधकाने वाढवावयाचे काय?

अभिधम्म परंपरेने पुढे ‘संपयुत्त’ हा शब्द रूढ करून त्याची चार लक्षणे ठरविली : उत्पत्ती एक, निरोध एक, आलंबन एक, वस्तू एक. धर्म मात्र अनेक.

माणसांविषयी मात्र ‘संसट्ठ’ दोषवाचक आहे. रथविनीत सुत्तात पुण्ण मंतानिपुत्तांची जी स्तुती आहे, तीत ते ‘असंसट्ठ’, म्हणजे अलिप्त राहणारे, असल्याचा उल्लेख येतो. त्याच धातूचा ‘संसर्ग’ मराठीत आहे. पण २०२० नंतर तो उच्चारताच रोगच आठवतो. म्हणून वर्गाच्या टिपणात आम्ही सध्या ‘मिसळलेले’ असे लिहितो व शेजारी मूळ पालि शब्द ठेवतो.