विश्लेषण : आईचे दूध मिळत नसेल तर बाळाला काय पाजावे? घरच्या म्हशीचे दूध का नको?

कराडच्या आसपासच्या गावांत दुधाला तोटा नसतो. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅन लागतात, दावणीला म्हैस असते. त्यामुळे बाळंतिणीला दूध उतरले नाही की घरातली मोठी माणसे आधी गोठ्याकडे पाहतात. निम्मे पाणी घाला, उकळा आणि बोंडल्याने पाजा, हा सल्ला ठरलेला. ६ महिन्यांखालच्या बाळासाठी मात्र हा पर्याय सर्वांत शेवटचा आहे.

दूध खरेच नाही का?

अनेकदा दूध असते, बाळाला नीट धरता येत नाही. २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सिझेरियन किंवा साधा ताप हे दूध तोडण्याचे कारण नव्हे. आईचा मृत्यू, केमोथेरपी किंवा बाळाला गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मीळ आजार, ही खरी कारणे. बाळ काचेच्या पेटीत असेल तर आईने काढलेले दूध वाटी-चमच्याने देता येते.

मिल्क बँकेतून मिळेल का?

आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कराडहून जवळच्या पुण्यात ससून रुग्णालयात अशी पेढी आहे. दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून साठवतात. ते आधी मिळते अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना. गावी घरी असलेल्या धडधाकट बाळाला ते सहसा मिळत नाही. ऑनलाइन विकत घेण्याचा विचार नको. आईच्या दुधाच्या विक्रीला परवानगी नसल्याचे ‘एफएसएसएआय’ने २०२४ मध्ये बजावले आहे.

म्हशीच्या दुधात वाईट काय?

वाईट काही नाही, ते रेडकासाठी आहे. आईच्या दुधात प्रथिने साधारण १ टक्का असतात, गाईच्या दुधात ३ टक्क्यांहून अधिक. म्हशीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश दोन्ही आणखी जास्त. प्रथिने आणि क्षारांचा हा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर येतो. लोह अगदी कमी. पाणी घातले की भार उतरतो, पण बाळाच्या पोटात जाणारी ऊर्जाही तेवढीच घटते.

मग पावडर कोणती?

६ महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठीचीच, म्हणजे डब्यावर ‘१’ असलेली. चहाची दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क नव्हे. १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावर बाळाचे चित्र यांवर बंदी आहे.

पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांखाली जाण्यापूर्वी, पावडर मिसळावी. कारण पावडर निर्जंतुक नसते. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला १ सपाट चमचा लिहिलेला असतो. आपल्या डब्यावरचे प्रमाण पाळावे. कोमट करून पाजावे, २ तासांनी उरलेले टाकून द्यावे. वाटी-चमचा बाटलीपेक्षा बरा, घासायला सोपा.

खरी अडचण खिशाची. ६ किलोच्या बाळाला दिवसाला सुमारे ९०० मिली लागते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपतो. पहिल्या ६ महिन्यांत सुमारे २० किलो पावडर! डबा आठवडाभर पुरवण्यासाठी पातळ केले, तर बाळाचे पोट भरते, वजन वाढत नाही. पहिला डबा फोडण्यापूर्वी हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडावा.

आईला एचआयव्ही असेल तर?

सांगली हा एकेकाळी राज्यातील जास्त एचआयव्ही प्रमाणाच्या जिल्ह्यांत गणला जात होता, त्यामुळे या पट्ट्यात हा प्रश्न जुना आहे. एआरटीची औषधे नियमित घेणाऱ्या आईने पहिले ६ महिने फक्त अंगावर पाजावे, हा आजचा राष्ट्रीय सल्ला. आईचा मृत्यू किंवा गंभीर आजार असेल, तर फक्त वरचे. दोन्हींची सरमिसळ टाळायची. निर्णय एआरटी केंद्रातील समुपदेशकाशी बोलून घ्यायचा.

गोठ्यातले दूध कधी?

६ महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की उकळलेले गाई-म्हशीचे दूध, पाणी न घालता, चालते. सोबत मऊ वरण-भात, भाजी, अंडे हवे, कारण लोह दुधातून मिळणार नाही. मधाचे बोट मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत नको.