पाहता पाहता हात शिकतो

1980 साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि करमाळा तालुक्यातील कित्येक गावांच्या शिवारांत पाणी पसरले. त्या पाण्याच्या काठी, केत्तूरच्या बाजूला, मी एकदा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा पाहिला. वडील कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जाळे फेकीत होते. जाळ्याची एक कड दातांत धरायची, काही भाग कोपरावर घ्यायचा, कमरेतून गिरकी घेऊन सोडून द्यायचे. कडेला शिशाची वजने असल्यामुळे जाळे हवेत परातीसारखे उघडते. (यातील वर्तुळाकार गतीविषयी पुन्हा केव्हातरी!) वडील एक शब्दही बोलत नव्हते. मुलगा काठावर फाटके जाळे घेऊन तीच गिरकी घेत होता. जाळे गोळा होऊन पडे. तो पुन्हा वडिलांकडे पाही, पुन्हा फेकी.

अशा वेळी मेंदूत काय घडत असेल? 1992 साली इटलीतील पार्मा येथे रिझोलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडाच्या मेंदूत काही नवलाच्या चेतापेशी आढळल्या. माकडाने खाऊ उचलला की त्या उद्दीपित होत. माणसाने उचललेला नुसता पाहिला तरीही होत! त्यांना पुढे ‘आरसा-पेशी’ म्हणू लागले. माणसाच्या अनुकरणात त्यांचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. गंमत म्हणजे ही माकडे स्वतः नक्कल करण्यात फारशी तरबेज नाहीत.

2005 साली लंडनमध्ये झालेला एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. बॅले नर्तकांना बॅलेची दृश्ये दाखवली, तेव्हा त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक जागे झाले. ब्राझीलमधील कापोएराची दृश्ये पाहताना तितके नाहीत. कापोएरा जाणणाऱ्यांत नेमके उलट. म्हणजे, ज्या हाताने करून पाहिले आहे, त्याच्या धन्याला पाहतानाही जास्त दिसते. काठावरचा तो मुलगा फसलेल्या प्रत्येक फेकीनंतर वडिलांकडे का पाहत होता, ते आता ध्यानात येईल.

पण माणसाचे पोर जरुरीपेक्षा जास्तही उचलते. त्याच वर्षी हॉर्नर आणि व्हायटन यांनी पारदर्शक पेटीतून बक्षीस काढून दाखवले, मात्र मध्ये एक निरुपयोगी क्रिया मुद्दाम घातली. चिंपांझींनी ती बहुधा गाळली. तीन-चार वर्षांच्या मुलांनी ती इमानाने केली!

आमच्या प्रयोगशाळेत एका जुन्या अ‍ॅमीटरचा काटा अडकत असे, म्हणून रीडिंग घेण्यापूर्वी मी काचेवर दोन टिचक्या मारी. पुढे नवे मीटर आले. तरी मुले टिचक्या मारतच होती. एका विद्यार्थिनीला मी कारण विचारले.

“सर, त्याशिवाय रीडिंग बरोबर येत नाही ना?”

जुन्या मीटरची हकीकत मी त्या वर्गाला कधी सांगितलीच नव्हती.