खांब धारचे, घर देवासचे

देवासजवळच्या शेतावरचं माझ्या मावशीचं घर विकायचं आहे. पुढे चार खण, मागे चार खण आणि मध्ये लहानसा चौक. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कानडीत त्यालाच ‘अंकण’ म्हणतात. माझ्या सासरची जुनी माणसं अजून घर चौरस फुटांत मोजत नाहीत, ‘एष्टु अंकण?’ असंच विचारतात.

घर १९८६ सालचं. त्यातलं लाकूड मात्र कितीतरी आधीचं. काकांची धारला बदली झाली होती, तेव्हा तिथे एक जुना वाडा उतरवत होते. सागाचे खांब, तुळया, दिंडीचा दरवाजा, दगडी तळखडे असं सगळं वखारीत जाणार होतं. काकांनी ते विकत घेतलं आणि दोन ट्रकांत भरून देवासला आणलं. “लोक बायकोसाठी दागिने आणतात, यांनी तुळया आणल्या,” असं मावशी अजून म्हणते.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींवर भार टाकलेल्या घरांना त्यामुळे लगेच तडे जातात. इथे भार आहे खांबांवर. खांब तळखड्यावर उभा असल्यामुळे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असतं, त्यामुळे थोडं हललं तरी सांधा सोसतो. आणि मुख्य म्हणजे असं घर उलगडून पुन्हा उभं करता येतं. सिमेंटच्या घराचं पाडल्यावर डबरच होतं.

धारला तरी हे कुठे नवीन आहे? दिलावरखानाने १४०५ मध्ये बांधलेल्या लाट मशिदीत आधीच्या देवळांचे खांब आहेत. जिच्यावरून मशिदीला नाव पडलं ती लोखंडी लाट तीन तुकडे होऊन तिथेच आहे. जुनं साहित्य नव्या वास्तूत येतं, तेव्हा त्यामागे कधी काटकसर असते, कधी सत्ता. माझ्या काकांच्या बाबतीत निव्वळ हौस होती.

देवासचं आणि आपलं नातंही जुनं आहे. पवारांच्या थोरल्या पातीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब दिल्या होत्या. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारपणात देवासला हवापालटासाठी गेले आणि तिथलेच झाले. तेव्हा मावशीचं सासर ऐकून ‘एवढ्या लांब?’ म्हणणाऱ्यांना माझ्याजवळ उत्तर तयार असतं.

आता मूळ प्रश्न. काका गेले, मुलं पुण्याला, मावशीचे गुडघे दुखतात. गिऱ्हाइकं दोन आली. एकाला फक्त जमीन हवी आहे, घर तो पाडणार. दुसऱ्याला फक्त खांब आणि दरवाजा हवा, एका हॉटेलसाठी. त्या दरवाजाला काच लावून जेवणाचं टेबल करणार म्हणे! दोघांचे आकडे एकत्र केले तर अख्ख्या घराच्या किमतीपेक्षा जास्त होतात. मुलांचं म्हणणं, द्यावं. मावशी मला म्हणाली, “अगं, खांब नेल्यावर मी विकलं काय, घर की छप्पर?”

मला मणिपाल आठवलं. विजयनाथ शेणै हे बँकेत नोकरी करणारे गृहस्थ. पाडली जाणारी जुनी घरं बघून त्यांचा जीव तुटायचा. त्यांनी तिथे ‘हस्त शिल्प’ हे वारसा-ग्राम वसवलं. घोरपड्यांच्या मुधोळचा दरबार हॉल तिथे नेऊन पुन्हा उभा केलेला आहे, कुकनूरचा कमल महालही आहे. वास्तू जागेवर राहिली तर उत्तमच. पण हलवायचीच झाली तर अशी अख्खी हलवावी. तिचे तुकडे करून दिवाणखाने सजवणं मला तरी पटत नाही.

असं घर घेणाऱ्यांनी एवढं बघावं. खांबाच्या बुडाशी आणि तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी वाळवी लागली आहे का, ते टोकदार पोगराने टोचून पाहावं. वरचा रंग बघून फसू नये. साग दुसरीकडे न्यायचा असेल तर आधी वनखात्यात चौकशी करावी. कोरीव दगड असेल तर तो कुठून आला ते विचारावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इमारतीतून काढलेली शंभर वर्षांपूर्वीची वस्तूही येते.

मावशीने सध्या दोन्ही गिऱ्हाइकांना थांबवलंय. इंदूरचं एक जोडपं येऊन गेलं. त्यांना घर जसंच्या तसं हवं आहे, पण त्यांचा आकडा कमी आहे. बाईंनी प्रत्येक खांबाच्या माथ्याशी धारच्या सुताराने पटाशीने कोरलेले आकडे वाचले आणि सातवा खांब कुठे आहे म्हणून विचारलं. तो स्वयंपाकघरात आहे, धुराने काळा झालेला. मुलांना विचारून दिवाळीनंतर कळवते, असं मावशीने त्यांना सांगितलं आहे.