नफा किती? एक हिशेब

टिकल्या, पावडर, नेलपॉलिश, लिपस्टिक घेऊन आठवडी बाजारात बसावे, असा माझ्या आईचा विचार आहे. त्यासाठी त्या दिवसाची मजुरी बुडेल. म्हणून कला शाखेचा असूनही मी हा हिशेब मांडला.

छापील किंमत 4000 रुपये असलेला माल घाऊक दुकानात 3000 रुपयांना मिळतो असे धरू. नफा 1000. खरेदीवर तो 33 टक्के, पण विक्रीवर 25 टक्केच. घाऊक व्यापारी अर्थातच मोठा आकडा सांगतो! छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. गिऱ्हाईक मात्र घासाघीस करणारच. दहा टक्के सूट म्हणजे 400 रुपये, म्हणजे नफ्याचे चाळीस टक्के गेले. एस. टी. भाडे व बाजारपट्टी दर बाजारी 60, फुटतूट एकंदर 60. माल चार बाजारांत खपला तर उरतात 300, दिवसाला 75. एवढ्यासाठी मजुरी कोण सोडील? तोच माल दोन बाजारांत खपला तर उरतात 420, दिवसाला 210.

उधारी यात धरलेली नाही. गडद लिपस्टिक तर पडून राहते आणि तिची मुदत संपते. टिकली लवकर खपते, शिवाय तिच्यावर जी.एस.टी. नाही. पहिली खरेदी टिकल्यांचीच करावी, असे माझे मत आहे.